सीमेपलीकडची संसद आणि पारगावचा कोयता

आंबेगाव तालुक्यातील पारगावच्या शिवारात ऊस आहे आणि त्याच शिवारात दत्तात्रयनगरला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना उभा आहे. शेजारच्या जुन्नर तालुक्यातही एक पारगाव आहे आणि त्या तालुक्यात नारायणगावच्या पट्ट्यात द्राक्षांच्या बागा आहेत. या दोन पारगावांचा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहराशी काय संबंध, असे कुणी विचारले तर बरेचजण हसतील. आम्ही हसणार नाही. कारण संबंध आहे, आणि तो पोटाशी आहे.

स्ट्रासबर्गला युरोपीय संसद भरते. या संसदेने आणि युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने मिळून २००५ साली एक कायदा केला. अन्नात कीडनाशकांचे अंश किती चालतील, याची मर्यादा त्या कायद्याने ठरवली. २०१० च्या हंगामात भारताच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले आणि माल युरोपच्या बंदरांत अडकला. महाराष्ट्रातल्या बागायतदारांच्या तोंडचे पाणी पळाले. बागायतदाराचा पैसा अडकला की पहिला खाडा कुणाच्या हजेरीला पडतो, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. ज्या सभागृहाने तो कायदा केला त्या सभागृहासाठी ना बागायतदाराने मत दिले होते, ना बागेतल्या मजूर बाईने.

कायदा चुकीचा होता असे आमचे म्हणणे नाही. विषारी अंश कुणाच्याच पोटात जाऊ नये. पण आता कायदे देशाच्या सीमा ओलांडून येतात आणि मत मात्र सीमेच्या आतच राहते, ही या युगाची खरी अडचण आहे. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्यांनी केलेले कायदे सोसले, त्या समाजाने या अडचणीचा विचार इतरांच्या आधी केला पाहिजे. म्हणूनच आज आम्ही अनेक राष्ट्रांनी मिळून निवडलेल्या संसदेचा विषय वाचकांपुढे ठेवत आहोत. तिला कोण निवडते, तिच्या हातात काय आहे आणि त्यात आपला वाटा कोणता, हे तीनच प्रश्न.

पहिला प्रश्न निवडीचा. युरोपात १९५२ पासून एक संयुक्त सभा होती. तिच्यात देशोदेशींच्या संसदांनी पाठवलेले सदस्य बसत. जून १९७९ मध्ये पहिल्यांदा लोकांनी थेट मतदान करून सदस्य निवडले. त्या पहिल्या लोकनियुक्त संसदेच्या अध्यक्षा झाल्या सिमोन व्हील. हिटलरच्या आउश्वित्झ छळछावणीतून जिवंत परतलेली ही ज्यू स्त्री. ज्या खंडाने माणसांना वंशावरून मारले, त्याच खंडाच्या संसदेचे अध्यक्षपद त्या वंशातल्या स्त्रीकडे गेले. आज या संसदेत २७ देशांतून निवडून आलेले ७२० सदस्य आहेत. मुदत ५ वर्षांची. २०२४ च्या निवडणुकीत सुमारे ५१ टक्के मतदारांनी मतदान केले.

हे सदस्य देशानुसार बसत नाहीत, विचारानुसार बसतात. जर्मनीचा समाजवादी आणि स्पेनचा समाजवादी एका बाकावर, जर्मनीचा उजवा आणि इटलीचा उजवा दुसऱ्या बाकावर. सरकारने आदेश दिला म्हणून हात वर करायचे बंधन त्यांच्यावर नाही. इथेच खरी मेख आहे. संयुक्त राष्ट्रसंघात काय होते? तिथे सरकारे बसतात. २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे गेले, जातीचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगला. पण मसुदा लिहिणारे हात सरकारांचे होते. जात हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असे भारत सरकारने सांगितले आणि अंतिम जाहीरनाम्यात जातीचा शब्द आला नाही. जे सरकार आपल्याच नागरिकांच्या वेदनेवर पडदा टाकू पाहते, त्याच सरकारचा प्रतिनिधी जगाच्या सभेत त्या नागरिकांच्या नावाने बोलतो! याला प्रतिनिधित्व म्हणत नाहीत.

बाबासाहेबांनी हा फरक फार पूर्वी आणि तोही आपल्या पुण्यातच समजावून सांगितला होता. २९ जानेवारी १९३९ रोजी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या व्यासपीठावरून त्यांनी 'फेडरेशन विरुद्ध फ्रीडम' हे व्याख्यान दिले. विषय होता १९३५ च्या कायद्याने येऊ घातलेल्या संघराज्याचा. त्या संघराज्याच्या कनिष्ठ सभागृहात ३७५ पैकी १२५ जागा आणि वरिष्ठ सभागृहात २६० पैकी १०४ जागा संस्थानांना दिल्या होत्या. पण संस्थानांच्या जागा भरणार कोण? तिथली प्रजा नव्हे, तर राजे-महाराजे. प्रजेने निवडलेला आणि राजाने नेमलेला एकाच सभागृहात शेजारी बसणार आणि दोघांची मते सारखी मोजली जाणार. बाबासाहेबांनी या योजनेची चिरफाड केली. अनेक राज्ये एकत्र आली म्हणजे स्वातंत्र्य आले असे होत नाही, एकत्र येणाऱ्या घरात माणसाचा आवाज पोचतो की मालकाचा, हे आधी पाहा, हा त्या विवेचनाचा सारांश. संस्थानिक गेले. पण राष्ट्रांच्या सभांमध्ये सरकारांनी नेमलेले लोक आजही संस्थानिकांच्याच खुर्च्यांवर बसले आहेत.

दुसरा प्रश्न अधिकारांचा. निवडणूक झाली म्हणजे सत्ता आली, असे समजण्याचा भाबडेपणा आपण सोडून दिला पाहिजे. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाला खुर्ची मिळते आणि शिक्का मात्र दुसऱ्याच्या खिशात राहतो, हे आपण महाराष्ट्रातल्या किती गावांत पाहिले! युरोपीय संसदेचेही सुरुवातीला तसेच होते. तिने सल्ला द्यायचा आणि मंत्र्यांनी तो बाजूला ठेवायचा. अधिकार तिला कुणी दान दिले नाहीत. एकेका करारात, एकेका भांडणात तिने ते मिळवले. १ डिसेंबर २००९ रोजी लिस्बन करार लागू झाला आणि बहुतेक विषयांत कायदा करताना संसद मंत्रिपरिषदेच्या बरोबरीला आली. युरोपीय संघाचे अंदाजपत्रक तिच्या मंजुरीशिवाय होत नाही. युरोपीय आयोग म्हणजे तिथले कार्यकारी मंडळ. त्याच्या अध्यक्षाची निवड संसदेच्या बहुमताशिवाय होत नाही आणि अविश्वास ठराव आणून संसद सगळा आयोग घरी पाठवू शकते. मार्च १९९९ मध्ये गैरव्यवहाराच्या आरोपांवरून संसदेने असा दबाव आणला की ठराव येण्याआधीच जाक सांतेर यांच्या आयोगाने राजीनामा दिला.

आणखी एक मोठे हत्यार तिच्याकडे आहे. परदेशाशी होणारा व्यापार करार संसदेच्या संमतीवाचून पक्का होत नाही. 'अक्टा' नावाचा बनावट मालाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार सरकारांनी बंद दाराआड तयार केला होता. भारतासारख्या देशांना भीती होती की त्याच्या आडून स्वस्त औषधांची वाहतूक अडवली जाईल. ही भीती हवेतली नव्हती. २००८ साली भारतीय औषधांचा माल नेदरलँड्समध्ये अडवला गेलाच होता. ४ जुलै २०१२ रोजी युरोपीय संसदेने हा करार ४७८ विरुद्ध ३९ मतांनी फेटाळला. सरकारांनी सह्या केल्या होत्या, लोकप्रतिनिधींनी त्या कागदावर पाणी ओतले. संसदेचा 'नाही' हा शब्द किती वजनदार असतो, ते इथे दिसते.

पण उणिवाही तेवढ्याच ठळक आहेत. आपल्या ग्रामपंचायतीतला साधा सदस्य ठराव मांडू शकतो. युरोपीय संसदेचा सदस्य कायद्याचे विधेयक स्वतः मांडू शकत नाही. तो अधिकार आयोगाचा. संसद फार तर आयोगाला विनंती करते. करांचे बरेचसे निर्णय देशांच्या सरकारांकडे आहेत, परराष्ट्र धोरण आणि लष्करही तिच्या हातात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये परदेशी पैसा घेतल्याच्या आरोपावरून तिच्या एका उपाध्यक्षेला बेल्जियमच्या पोलिसांनी अटक केली. म्हणजे ही काही देवांची सभा नव्हे. माणसांची सभा आहे आणि माणसांच्या सभेवर नजर ठेवावीच लागते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे की, आपल्या चळवळीने या संसदेचे जे हत्यार आजवर वापरले ते तिचे सर्वांत बोथट हत्यार आहे. १ फेब्रुवारी २००७ रोजी युरोपीय संसदेने भारतातील दलितांच्या मानवी हक्कांवर ठराव केला. खैरलांजीला २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, त्याला चारच महिने झाले होते. अस्पृश्यतेची तुलना वर्णभेदाशीच होऊ शकते, असे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २७ डिसेंबर २००६ रोजी दिल्लीत जाहीरपणे म्हटले होते. तरीही हीच गोष्ट स्ट्रासबर्गने म्हटल्यावर दिल्लीला रुचली नाही. पुढे १३ डिसेंबर २०१२ रोजी भारतातील जातिभेदावर आणि १० ऑक्टोबर २०१३ रोजी जगभरातील जातिभेदावर ठराव झाले. आम्ही या ठरावांचे मोल कमी लेखत नाही. ज्या वेदनेला आपल्याच देशात 'किरकोळ भांडण' म्हणून पोलीस पाटलाच्या वहीत गाडले जाते, तिची नोंद खंडाच्या संसदेने घेतली, ही लहान गोष्ट नाही.

परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. ठरावाने कुणाचे हात बांधले जात नाहीत. जानेवारी २०२० मध्ये भारताच्या नागरिकत्व कायद्यावर युरोपीय संसदेत चर्चा झाली, अनेक गटांनी मिळून ठरावही तयार केला. मत घ्यायची वेळ आली तेव्हा मतदान मार्चवर ढकलले गेले. मार्चमध्येही ते झाले नाही. सरकारांचे परस्परसंबंध आड आले की ठराव असे बारगळतात. तेव्हा टाळ्या वाजवून घरी परतण्याऐवजी आपण विचारले पाहिजे की या संसदेचे धारदार हत्यार कोणते आणि ते आपल्या कामी कसे येईल? उत्तर स्पष्ट आहे. कायदा आणि व्यापार कराराला द्यायची संमती.

आता पारगावच्या ऊसाच्या फडाकडे येऊ. आम्ही कोणा एका कारखान्याविषयी बोलत नाही, राज्यभराची रीत सांगतो. गळीत हंगाम आला की बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोड टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची मोजणी हत्याराच्या नावाने होते, यातच सगळे आले. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची, मग ती फिटेपर्यंत तोडत राहायचे. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तोच मुकादम. राहायला कोपी, पाणी लांबचे, पोरांची शाळा सुटलेली. खाडा झाला तर दंड. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नको म्हणून गर्भाशये काढून टाकल्याच्या बातम्या बीडमधून आल्या आणि २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी समिती नेमावी लागली. या टोळ्यांत कोणत्या समाजांची माणसे आहेत? दलित, भटके-विमुक्त, भूमिहीन ओबीसी, आदिवासी. वेठबिगारी बंदीचा कायदा देशात १९७६ पासून आहे. उचलीचे कर्ज फिटेपर्यंत काम सोडता न येणे ही वेठबिगारी नव्हे, तर दुसरे काय?

ही साखर कुठे जाते, हे तोडणाऱ्याला कळत नाही. काही गावच्या चहात जाते, काही परदेशी कंपन्यांच्या शीतपेयांत आणि बिस्किटांत जाते. सवलतीच्या दराने युरोपला साखर पाठवण्यासाठी भारताला वर्षाला १० हजार टनांचा कोटाही कित्येक वर्षे मिळत आला. म्हणजे फडातला घाम युरोपच्या टेबलापर्यंत पोचतो. मग त्या टेबलावर बसणाऱ्याची काही जबाबदारी?

या प्रश्नावर युरोपीय संसदेने २०२४ साली सलग दोन दिवस मतदान केले. २३ एप्रिलला सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल युरोपात विकण्यास बंदी घालणारा कायदा मंजूर केला. तो १४ डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायचा आहे. २४ एप्रिलला मोठ्या कंपन्यांवर जबाबदारी टाकणारा कायदा मंजूर केला. कंपनीचा माल जिथून येतो तिथपर्यंत मजुरांचे हक्क तुडवले जात नाहीत ना, हे कंपनीने पाहायचे आणि कसूर केली तर दंड. १ हजारांहून अधिक कामगार आणि ४५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना तो लागू होणार होता. ठराव आणि कायदा यांत फरक काय, तो हा. ठराव दुःख व्यक्त करतो, कायदा हिशेब मागतो.

पण पुढे काय झाले? उद्योगांवरचे ओझे कमी करायचे, अशी हाकाटी ब्रुसेल्समध्ये सुरू झाली. कंपन्यांचे वकील, कंपन्यांचे मध्यस्थ, कंपन्यांच्या संघटना संसदेच्या दारात उभ्या राहिल्या. आणि डिसेंबर २०२५ मध्ये याच संसदेने मतदान करून कायदा आकसवला. आता तो ५ हजारांहून अधिक कामगार आणि १५० कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांपुरता उरला. नुकसान झालेल्याला भरपाई मागता यावी म्हणून युरोपभर एकसारखी जबाबदारी ठेवली होती, ती काढून टाकली. अंमलबजावणी २०२९ वर गेली.

कंपनीचा माणूस त्या दारात रोज होता. कोयत्याचा माणूस तिथे एक दिवसही नव्हता. लोकांनी निवडलेले सभागृह मजुरांच्या बाजूने उभे राहू शकते, हे २०२४ ने दाखवले. आणि ज्यांचे मत त्या सभागृहात नाही त्यांना दिलेले काढूनही घेता येते, हे २०२५ ने दाखवले. संसदेचे अधिकार कितीही वाढवा, दाराशी कोण उभे आहे यावर ते कुणासाठी वापरले जातील हे ठरते.

आता आक्षेप येईल. परक्या संसदेने आमच्या देशात का डोकवावे? हा देशाच्या सार्वभौमत्वावर घाला नाही का? हा आक्षेप घेणाऱ्यांत प्रामाणिक माणसेही आहेत, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. युरोपच्या साम्राज्यांनी जगाला लुटले, ही गोष्ट आम्ही विसरलेलो नाही. युरोपचे हात धुतलेले आहेत, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्या देशाचे कायदे आपल्याच संसदेने करावेत, हेही निर्विवाद. पण सार्वभौमत्व म्हणजे सरकारची मालकी नव्हे. भारताच्या घटनेची सुरुवात 'आम्ही भारताचे लोक' या शब्दांनी होते. सरकार व्यापारासाठी परदेशाच्या दारात जाते, करारांवर सह्या करते, भांडवलाला पायघड्या घालते, तेव्हा सार्वभौमत्व धोक्यात येत नाही. मजुराचा आणि दलिताचा प्रश्न निघाला की मात्र लगेच धोक्यात येते! हा दुटप्पीपणा आम्हाला मान्य नाही. भारत आणि युरोपीय संघ यांच्यात मुक्त व्यापाराच्या वाटाघाटी २००७ साली सुरू झाल्या, २०१३ साली थांबल्या आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाल्या. साखर, द्राक्षे, कापड यांचे भाव ठरवणाऱ्या अशा कराराला युरोपीय संसदेची संमती लागते. तिथे मजुराच्या हक्काचे कलम मागणे ही देशद्रोहाची नव्हे, देशाच्या लोकांच्या बाजूची गोष्ट आहे.

संसद ही पाश्चात्त्यांची गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांनी जुन्नरच्या डोंगरांकडे पाहावे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी या डोंगरांत बौद्ध लेणी आहेत. त्यांतल्या शिलालेखांत स्थानिक श्रेणींची दाने आहेत तशी यवनांचीही आहेत. नाणेघाटाने व्यापार येत होता, माणसे येत होती आणि दूरदेशीचा माणूस संघाच्या घरात परका नव्हता. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी आठवण करून दिली होती की भिक्खू संघाला बसण्याची व्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतमोजणी हे संसदीय नियम ठाऊक होते. सभा ही आपली वस्तू आहे. ती हरवली, एवढेच.

तिसरा प्रश्न वाट्याचा. युरोपीय संसदेत लहान देशांना लोकसंख्येपेक्षा जास्त जागा मिळतात. जर्मनीला ९६, तर माल्टासारख्या चिमुकल्या देशाला ६. म्हणजे माल्टाच्या मतदाराचे मत जर्मनीच्या मतदाराच्या सुमारे नऊपट भरते. मोठ्याने लहानाला गिळू नये म्हणून हा जादा भार आहे आणि तत्त्व म्हणून ते आम्हाला पटते. अल्पसंख्याकांसाठी जादा प्रतिनिधित्वाची मागणी बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेतच केली होती. पण हा न्याय देशांना मिळाला, माणसांना मिळाला नाही. युरोपीय संघात सुमारे ६० लाख रोमा लोक राहतात. त्यांच्या भाषेची मुळे भारतातली आहेत. गावकुसाबाहेरच्या वस्त्या, वेगळ्या शाळा, चोर म्हणून पाहणारी नजर, हे त्यांचे जिणे आपल्याला ओळखीचे वाटेल. माल्टाला सहा जागा हक्काच्या, माल्टाहून दहापट मोठ्या रोमा समाजाला हक्काची एकही नाही! स्पेनचे हुआन दे दिओस रामिरेस-एरेदिया १९८६ साली या संसदेत गेलेले पहिले रोमा. हंगेरीच्या लीविया यारोका २००४ साली निवडून आल्या. कुठल्या तरी पक्षाने उमेदवारी दिली तर एखादा जातो, नाही तर कुणीच नाही.

हा धडा आपल्याला नवा नाही. प्रतिनिधी कुणाचा आणि त्याला निवडणारा कोण, या एका प्रश्नावर १९३२ साली येरवड्याच्या तुरुंगाच्या भिंतीआड बाबासाहेबांना पुणे करारावर सही करावी लागली. जागा मिळाल्या, पण निवडणारा हात दुसऱ्याचा राहिला. म्हणून कोणत्याही नव्या सभागृहाचा आराखडा पुढे आला की आपला पहिला प्रश्न हाच असला पाहिजे.

असा आराखडा आपल्या दक्षिण आशियासाठी कधीच का आला नाही? ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्याला 'सार्क' स्थापन झाली. तिच्या सनदेतच लिहिले आहे की निर्णय एकमताने होतील आणि वादाचे द्विपक्षीय विषय चर्चेला येणार नाहीत. वाद बोलायचाच नसेल तर सभा कशासाठी? २०१४ च्या काठमांडूच्या शिखर परिषदेनंतर तिच्या नेत्यांची एकही शिखर बैठक झालेली नाही. दोन सरकारे रुसली की दीडशे कोटींहून अधिक माणसांचे व्यासपीठ बंद. आफ्रिकेत २००४ पासून खंडाची संसद भरते, तिला सल्ल्यापलीकडे अधिकार नसला तरी ती भरते. दक्षिण अमेरिकेत मर्कोसुरच्या संसदेसाठी पॅराग्वेने २००८ साली आणि अर्जेंटिनाने २०१५ साली थेट मतदान घेतले. आपल्याकडे त्याची चर्चासुद्धा नाही.

आणि जात मात्र सीमा पाळत नाही. नेपाळच्या डोंगरात ती आहे, बांगलादेशातल्या हरिजन वस्त्यांत आहे, पाकिस्तानात सिंधच्या वीटभट्ट्यांवर आणि शेतांवर आहे, श्रीलंकेच्या चहामळ्यांत आहे. सीमेने आपल्या समाजाचे काय केले, हे इतिहासात लिहिलेले आहे. १९४६ साली बाबासाहेब घटना समितीवर निवडून गेले ते बंगालमधून, जोगेंद्रनाथ मंडल यांच्या पाठबळावर. फाळणी झाली आणि ते सदस्यत्व गेले. पुढे १९४७ साली मुंबई प्रांतातून ते पुन्हा निवडून आले, म्हणून घटना त्यांच्या हातून झाली. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि १९५० साली आपल्या लोकांवरचे अत्याचार पाहून राजीनामा देऊन भारतात परतले. एका रेषेने एका समाजाचे दोन तुकडे केले आणि त्या दोन तुकड्यांना एकमेकांशी बोलायला आज एक बाकही नाही.

आमची मागणी म्हणून स्पष्ट आहे. दक्षिण आशियाची संसद व्हावी, ती सरकारांनी नेमलेली नव्हे तर लोकांनी निवडलेली असावी, आणि तिच्यात देशांच्या जागांबरोबर दलित, आदिवासी, स्त्रिया आणि धार्मिक अल्पसंख्य यांच्या हक्काच्या जागा असाव्यात. सुरुवातीला तिला नद्यांचे पाणी, स्थलांतरित मजूर आणि वेठबिगारी एवढेच विषय द्या. पण त्या विषयांत तिचा 'नाही' सरकारांना बांधील असला पाहिजे. हे आज होणार नाही, हे आम्हालाही कळते. युरोपलाही १९५२ पासून १९७९ पर्यंत २७ वर्षे लागली, आणि तीही एकमेकांची शहरे बेचिराख केलेल्या देशांना. मागणीच केली नाही तर शंभर वर्षे गेली तरी होणार नाही.

तोवर हातात आहे ते वापरले पाहिजे. युरोपीय संसदेकडे अर्ज करण्याचा हक्क फक्त युरोपच्या नागरिकांना नाही, युरोपीय संघात राहणाऱ्या प्रत्येकाला आहे. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेले गोवेकर तर तिचे मतदारही होऊ शकतात. जर्मनी, आयर्लंड, नेदरलँड्स, स्वीडन इथे आपली शिकलेली मुले-मुली आज नोकरीला आणि अभ्यासाला आहेत. १४ एप्रिलला तिथे जयंती साजरी होते, फोटो येतात, आम्हालाही आनंद होतो. या मुलांनी एक काम अंगावर घ्यावे. ऊसतोडीच्या उचलीची, दंडाची, हजेरीची कागदोपत्री माहिती इथल्या संघटनांनी गोळा करावी आणि तिथल्या मुलांनी ती संसदेच्या अर्ज समितीपुढे, व्यापार समितीपुढे आणि आपल्या भागातल्या खासदारापुढे ठेवावी. १४ डिसेंबर २०२७ ला सक्तीच्या मजुरीचा कायदा लागू होईल, तेव्हा महाराष्ट्रातल्या फडाची माहिती तिथे आधीच पोचलेली असली पाहिजे. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहून राष्ट्रसंघाकडे केलेल्या त्यांच्या अर्जाची प्रत मागवली होती. ई-मेल नव्हता, विमानाची टपाल तिकिटे महाग होती, तरी त्यांनी दार शोधले.

आणि सगळ्यात जवळचे दार गावातच आहे. १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारीला ग्रामसभा असते. पारगाव असो की आणखी कुठले गाव, आपल्या वस्तीतल्या किती जणांनी मागच्या ग्रामसभेत तोंड उघडले? आपल्या शिवारात येणाऱ्या टोळीला पाणी, संडास, पोरांना शाळा आणि रेशन मिळावे, हा ठराव तिथे मांडता येतो. बाहेरगावचा कोयता आहे, त्याचे मत आपल्या गावात नाही, म्हणून त्याच्याकडे पाहायचे नाही, असे आपण करणार असू तर स्ट्रासबर्गने आपल्याकडे का पाहावे? ज्याचे मत आपल्या हद्दीत नाही त्याच्याही माणूसपणाची जबाबदारी घेणारी सभा, हीच सीमेपलीकडच्या संसदेची खरी व्याख्या आहे. तिची पहिली बैठक आपल्या चावडीवर व्हायला कुणाची हरकत नाही.